दोन ठिपके

३ फेब्रुवारी

ती. मामांस,

बारक्याचा नमस्कार. जीप सोमवारी वर जाते, म्हणून आजच लिहायला बसलो. आई बरी आहे. तुमचा स्वेटर धुऊन सोबत पाठवला आहे. कोपराला रफू मी केलं आहे, टाके मोजू नका.

बातमी अशी की वर पंपघरावर राखणदार म्हणून एकटं राहायला तुमच्या जागी कोणी जायचं, ते आता ठरणार आहे. तुमची तीन वर्षं भरली. मागच्या वेळी हात वर करून मतं घेतली होती. क्वार्टर्समधल्या आठ घरांपैकी तिघांनी तुमचं नाव घेतलं, बाकी पाच घरांची पाच तोंडं पाच दिशांना, म्हणून तुम्ही गेलात. नवे साहेब म्हणाले, पाच घरांनी ज्याचं नाव घेतलंच नाही तोच गेला, ही कुठली रीत? त्यांनी नवी पद्धत आणली आहे. कचेरीतला कारकून म्हणून ती घरोघरी समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. नववीत नापास झालेला माणूस निवडणुकीचे नियम शिकवतोय म्हणून स्टोअरकीपर दिवसभर हसत असतात.

पद्धत अशी. कागदावर पाच नावं छापलेली असतील. ज्याला वर पाठवावंसं वाटतं, त्याच्या नावापुढे एक ठिपका द्यायचा. तो नसेल तर कोण, त्याच्यापुढे दोन ठिपके. असे पाचापर्यंत. अंक नाहीत, कारण अंकाच्या वळणावरून माणूस ओळखू येतो, असं साहेब म्हणतात. मोजताना आधी फक्त एका ठिपक्याची मतं धरायची. अर्ध्याहून जास्त कोणाला मिळाली तर झालं. नाही तर सगळ्यात कमी ज्याला, तो बाद. पण त्याचे कागद टाकून द्यायचे नाहीत. त्या कागदांवर दोन ठिपके ज्याच्यापुढे असतील, त्याच्या गठ्ठ्यात ते जातात. पुन्हा मोजायचं, पुन्हा एक बाद. साहेब म्हणाले, यात मत मरत नाही, नुसतं घर बदलतं.

साहेबांनी या वेळी नियमच केला आहे की कोणालाच बहुमत नाही मिळालं तर आहे तोच राखणदार पुढे चालू. या पद्धतीत शेवटी कोणाला ना कोणाला बहुमत होतंच. म्हणजे तुमची सुटका नक्की धरा.

नावं फिटर, स्टोअरकीपर, मीटर वाचणारे, ड्रायव्हर आणि मी. माझं नाव क्वार्टर्सच्या चिटणिसांनी नुसतं पाचवी जागा भरायला घातलं आहे. म्हणाले, तुझा कोणाला त्रास आहे म्हणून तुला कोणी पाठवेल? मला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण आता पटलं आहे.

आपला,
बारक्या


१० फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

स्वेटर मिळाला. टाके मोजले. एक चुकलाय.

अक्काला सांग, स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला ते बरं झालं, फार टपटपत होता. आणि फिटरच्या बायकोशी धरलेला अबोला आता सोड म्हणावं. ती बाई दुपारी भांडी घासताना रडते.

सुटकेचं वाचून बरं वाटलं, पण तुझ्या ‘नक्की’वर मी अजून उडी मारत नाही. साहेब येतात, पद्धती आणतात, आणि वर बसलेला माणूस वरच राहतो. काम काही जड नाही. सकाळी पंप लावायचा, दुपारी बंद करायचा, व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं. जड आहे ते दुसरंच. इथे माणसाला माणूस लागतो रे. हल्ली मी स्वतःशी बोलताना मधेच थांबतो, समोरच्याला बोलू द्यावं म्हणून. आणि परवा असा थांबलो, तर मला वाटलं की माझी पाळी संपली, आता ऐकायचं.

तू समजावलेलं दोनदा वाचलं. काही शंका आहेत, त्या साहेबांना विचारून कळव. एक म्हणजे, एखाद्याला कोणीच एक ठिपका दिला नाही, पण दोन ठिपके पुष्कळांनी दिले, तर त्याचं काय? दुसरं, तळाला दोघांची मतं सारखी झाली तर कोण बाद? आणि या पंपघराला मत आहे का? मागच्या वेळी मला कोणी विचारलंही नव्हतं.

तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने नळाकडे बघितलं. मग म्हणाली, वॉशरचं भाऊला कोणी सांगितलं? मी म्हटलं, ड्रायव्हर, दुसरं कोण. तो इकडची पोतडी तिकडे रिकामी करतो. संध्याकाळी त्याला हटकलं तर तो शपथेवर म्हणाला की वॉशर म्हणजे काय तेही मला माहीत नाही. खोटं बोलताना इतका शांत माणूस मी पाहिला नाही. फिटरच्या बायकोचं मात्र खरं निघालं. आई गेली होती तिच्याकडे. दोघी मिळून रडल्या, आता ठीक आहे.

शंका विचारल्या. साहेब खूश झाले, म्हणाले तुझ्या मामांना तुझ्याहून जास्त कळतं.

पहिलीचं उत्तर. एकही एक-ठिपक्याचं मत नसेल तर तो माणूस पहिल्या फेरीलाच बाद. मग त्याला दोन ठिपके सगळ्या जगाने दिलेले असोत, ते वाचायची वेळच येत नाही. कागद त्याला ओलांडून पुढे जातो. माझं असंच होणार आहे. मला एक ठिपका देणारं घर मी मनात आठदा शोधलं, सापडलं नाही.

दुसरीचं उत्तर. तळाला बरोबरी झाली, तर दोन ठिपके ज्याला कमी, तो बाद. ज्याला जास्त, तो राहतो. तिसरी तुमच्या मताची. साहेबांनी मान्य केलं. पंपघराचं एक मत धरून एकूण नऊ मतं. तुमचा कोरा कागद सोबत आहे. भरून पाकीट चिकटवा. साहेब ते उघडून इतर कागदांत मिसळतील, कोणाला कळणार नाही. पाचही नावांपुढे ठिपके हवेत. एक जरी राहिलं तरी कागद रद्द.

ही शेवटची अट ऐकूनच लोकांना घाम फुटतो. एक नाव सगळ्यांच्या जिभेवर असतं, ते लगेच सांगतात. फिटर पहाटे हातोडी मारतो म्हणून तीन घरं त्याच्यावर टपून आहेत. मीटर वाचणारे मीटर सोडून लोकांच्या खिडक्यांतलं वाचतात. ड्रायव्हरला एकच मत पडेल आणि तेही त्याच्या सासूचं, असं सगळे त्याच्या तोंडावर म्हणतात. पण दुसरा कोण, तिसरा कोण, असं विचारलं की माणसं भिंतीकडे बघायला लागतात. म्हणून मी एक नमुना करून प्रत्येक घरात दिला आहे. त्यात एक ठिपका कोणापुढेच काढला नाही, नाही तर मी प्रचार केला असं झालं असतं. दोन ठिपके कसे काढायचे, ते दाखवायला माझ्याच नावाची जागा घेतली. दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं. मी पहिल्या फेरीलाच बाद होणार, त्यामुळे माझ्यापुढचे दोन ठिपके म्हणजे पाण्यावरची रेघ. चिटणिसांनीही विचार करून मान डोलावली.

एक गंमत लिहायची राहिली. दुपारी पंप बंद झाल्यावर आमच्या नळातून घसा खाकरल्यासारखा आवाज येतो. तुमच्यासारखा, दोनदा आखूड आणि एकदा लांब. आई म्हणते नळात हवा आहे. पण ती तेव्हा डोक्यावर पदर घेते, जसं कोणी घरात यावं.

आपला,
बारक्या


२४ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

ड्रायव्हरला उगीच बोललास. त्याची माफी माग.

तुला आता सांगायला हरकत नाही. दुपारी पंप बंद केला की नळीतलं पाणी उभं राहतं. आठ घरांचे आठ नळ, त्या सगळ्यांची एकच नळी, आणि तिचं तोंड माझ्या चाकाशी. नळ बंद असले आणि मी चाकाला कान लावला की मला तुम्ही ऐकू येता. सुरुवातीला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलं. मग एकदा अक्का मोरीत तुला म्हणाली की भाऊच्या पायाला थंडी बाधते, मोजे पाठव. पुढच्या जीपने मोजे आले. तेव्हापासून मी खोटं मानणं सोडून दिलं. नळ सोडलेला असला की मात्र नुसता पाण्याचा खळखळाट, त्यात काही कळत नाही.

सवय लागते. खरं सांगायचं तर तुमचे आवाज नसते तर मी पहिल्या वर्षीच तलावात उतरलो असतो. पण नळी पंपघरात संपत नाही, ती वर तलावापर्यंत जाते. खालून येणारे आवाज ओळखीचे आहेत. वरून येतात, त्यांना मी नावं विचारत नाही. वर पाण्याशिवाय काही नाही, हे मला माहीत आहे. मी आलो तेव्हा इथे दोन कप होते, दोन्ही ओले. आधीच्या राखणदाराला न्यायला जीप आली होती तेव्हा तो सापडला नव्हता, एवढंच तुला ठाऊक आहे. मलाही तेवढंच ठाऊक होतं. गेल्या महिन्यापासून वरचे मला नावाने हाक मारतात. अजून मी ओ दिलेली नाही. आणखी तीन वर्षं मला ते जमणार नाही, बारक्या.

तुझा नमुना सगळ्या घरांना तोंडपाठ झालाय. कागद भरताना मोठ्याने वाचतात. शाबास. मेहनतीचं चीज होतं, असं म्हणायचं.

माझा कागद पाकिटात घातला आहे. भिजलाय थोडा, इथे सगळंच भिजतं.

मामा


३ मार्च

ती. मामांस,

काय झालं ते क्रमाने लिहितो. अक्षर वाईट आलं तर माफ करा.

मोजणी शनिवारी दुपारी स्टोअरच्या खोलीत झाली. पंप बंद होता. बाकांवर आठही घरांची माणसं. साहेब कागद उघडून वाचत होते, मी फळ्यावर खडूने मांडत होतो. फिटर तीन. स्टोअरकीपर दोन. मीटर वाचणारे दोन. ड्रायव्हर एक. आठ झाले. मी खडू ठेवायला वळलो तर साहेब म्हणाले, थांब, एक आहे. आणि माझं नाव वाचलं.

सगळे हसले. मीही हसलो. ड्रायव्हर म्हणाला, बारक्या, तुला सासू कधी मिळाली? मला वाटतं विजेचं काम बघणाऱ्यांनी चेष्टा केली असावी, त्यांची ती खोडच आहे. ते नाही म्हणतात.

तळाला ड्रायव्हर आणि मी, एकेक. साहेबांनी नियम वाचला आणि कोणाला दोन ठिपके जास्त आहेत ते बघायला नऊच्या नऊ कागद पुन्हा पसरले. मामा, मी टेबलाशी उभा होतो. सात कागदांवर माझ्या नावापुढे दोन ठिपके होते. सारखे, शेजारी शेजारी, मी नमुन्यात काढले होते तसेच. खोलीतलं हसणं एकदम थांबलं नाही, ते एकेका बाकावरून विझत गेलं.

ड्रायव्हर बाद, त्याचा कागद माझ्याकडे. मी दोन. मग स्टोअरकीपर, मीटर वाचणारे आणि मी सारखे झालो. पुन्हा तोच नियम. या फेरीला स्टोअरकीपर गेले, पुढच्या फेरीला मीटर वाचणारे. दोघांचे सगळे कागद एकामागून एक माझ्या गठ्ठ्यावर येऊन बसले. फिटर तिथेच तीनवर. माझे सहा. नऊपैकी सहा. फळ्यावरचा आकडा मीच लिहिला, पुसून नीट पुन्हा लिहिला, कारण पहिला वाकडा आला होता.

तेव्हा कोपऱ्यातल्या नळातून आवाज आला. दोनदा आखूड, एकदा लांब. साहेब म्हणाले, कोणीतरी तो नळ बंद करा. तो बंदच होता.

कोणी माझ्याकडे बघेना. चिटणीस म्हणाले, नियमाने झालं आहे. शेवटी फिटर उठून आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू तर आमच्या कुणाच्या मनातच नव्हतास रे.” ते रडत होते. मला त्यांचा राग आला नाही, कोणाचाच आला नाही. माणसांनी एक नाव मनापासून लिहिलं आणि बाकीची जागा नमुन्यावरून भरली. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

माझं नाव तळाला असलेला कागद एकच होता. फिटरच्या गठ्ठ्यात. पाच ठिपके इतके दाबून दिलेले की कागदाला पाच भोकं पडली होती. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “मी नमुना बघितलाच नाही.”

एक विचारायचं होतं. ज्या कागदावर मला एक ठिपका होता, तो कडेला ओलसर होता. स्टोअरकीपरना बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय आहे, त्यामुळे असेल. ते एक मत नसतं तर मी पहिल्याच फेरीला सुटलो असतो, आणि ते सात कागद मला ओलांडून गेले असते. तुम्हाला तिथे काही ऐकू आलं का?

बारक्या


१० मार्च

चि. बारक्यास,

जीप थांबली आहे, म्हणून थोडक्यात. पुढच्या खेपेला तू वर येशील आणि त्याच जीपने मी खाली जाईन. बोलायला वेळ मिळणार नाही, ड्रायव्हर या जागी गाडी बंद करत नाही.

खाट खिडकीपासून लांब ओढून ठेवली आहे. चाकाला तेल दिलं आहे. जाड मोजे आण. दोन्ही कप धुऊन पालथे घालून ठेवले आहेत. सकाळी त्यातला एक उताणा आणि ओला असेल, त्याचा विचार करायचा नाही. वरून हाक आली तर ओ द्यायची नाही. खालचं हवं तितकं ऐक.

तू विचारलंस त्याचं म्हणशील तर नळीत सगळंच नीट ऐकू येतं असं नाही.

अक्काची काळजी करू नकोस. मी आहे.

मामा


७ एप्रिल

ती. मामांस,

नमस्कार. मी बरा आहे. पंप वेळेवर लागतो. तुम्ही जीपमध्ये बसताना माझ्याकडे पाहिलं नाहीत, तेव्हा मला वाटलं उजेडाने तुमचे डोळे दिपले असतील. इतक्या वर्षांनी खाली निघाला होतात.

तुम्ही लिहिलं होतं तसंच सगळं आहे. पहिले चार दिवस मी चाकाला हातही लावला नाही, कामापुरता सोडून. मग कान लावला. फिटरच्या बायकोला गाता येतं, हे मला माहीत नव्हतं. स्टोअरकीपर एकटे असले की कुलूपं मोजतात. साहेबांनी तुम्हाला हलकं काम म्हणून माझं टेबल दिलं, तेही मला चिटणिसांच्या मोरीतूनच कळलं. बरं झालं. डाव्या खणाला धक्का दिल्याशिवाय तो उघडत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात नळाशी उभे होता. तुम्हाला वाटलं असेल की मी झोपलो आहे. आई काहीतरी म्हणाली, ते अर्धवट आलं. मग तुमचा आवाज स्वच्छ आला. “सात घरं ऐकली होती मी, अक्का. एकच ठिपका लागत होता.”

त्यानंतर तुमच्यापैकी कोणीतरी नळ पूर्ण सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. टाकी चार बोटं उतरली. तो नळ तुम्ही सोडलात की आईने, एवढंच मला कळलं नाही. तुम्ही सोडला असेल तर ठीक आहे. आईने सोडला असेल तर त्यावरही मी रोज विचार करतो.

मी रागावलेलो नाही. तुम्ही पद्धत माझ्यापेक्षा आधी समजून घेतलीत, आणि ती समजावणाराही मीच होतो.

वरच्यांचं सांगायचं म्हणजे त्यांनी मला हाक मारायला महिनासुद्धा घेतला नाही. आवाज बरेच आहेत. त्यातला एक दोनदा आखूड आणि एकदा लांब खाकरतो. पहिल्यांदा ऐकून मी तुम्हीच म्हणून दचकलो, पण तुम्ही तेव्हा खाली जेवत होता, तुमचं ताट वाजलेलं मी ऐकलं. मग लक्षात आलं की ही सवय तुमची नव्हे, तुम्हाला इथेच लागली. काल मीही खाकरलो. आपोआप झालं. परवा मी ओ दिली. तुम्ही नको म्हणाला होता, पण कोणी इतक्यांदा नाव घेतलं की गप्प राहणं मला उद्धटपणाचं वाटतं. खाली माझं नाव असं कोणी घेतलं नव्हतं. ते सभ्य आहेत. कप एकत्रच वापरतो.

पुढची निवडणूक येईल तेव्हा पंपघराचं मत असेलच, साहेबांनी ते कायम केलं आहे. कोणाच्या मनात काय आहे ते तोपर्यंत मला पाठ झालेलं असेल. लोकांना नमुना लागेल, आणि आता तो तुम्हीच काढणार. दोन ठिपके कोणाच्या नावापुढे काढायचे, ते ठरलं की नळाशी येऊन सांगा. नळ मात्र बंद ठेवा. मोठ्याने बोलायची गरज नाही. आम्हाला ऐकू येतं.

आईला नमस्कार.

आपला,
बारक्या